अडीचशे किलोंचं हलकं पाऊल

कुणीही न तुडवलेल्या ताज्या बर्फात स्नोमोबाईल थांबवून माणूस खाली पाय टाकतो आणि पाय खाली जातच राहतो. गुडघा जातो, मांडी जाते, कंबर टेकली की कुठे थांबतो. शेजारी त्याचं यंत्र मात्र खुशाल वर उभं असतं. माणूस असेल ऐंशी-नव्वद किलोंचा. यंत्र पेट्रोलसकट अडीचशे किलोंचं.

हिशेब कागदावर मांडला की कोडं उलगडतं, पण नवल काही कमी होत नाही. बुटाचा तळ साधारण तीनशे चौरस सेंटिमीटर. चालताना सगळा भार एका पायावर येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे तीनशे ग्रॅम. स्नोमोबाईलच्या पोटाखाली रबराचा एक अखंड पट्टा फिरत असतो. डोंगरी मॉडेलात तो पंधरा-सोळा इंच रुंद असतो आणि त्याचा दीड-पावणेदोन मीटरचा भाग एका वेळी बर्फावर टेकलेला असतो. पुढच्या दोन स्की धरल्या तर टेकलेलं क्षेत्रफळ आठ हजार चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातं. स्वारासकट वजन ३४० किलो. भागाकार करा: चाळीस ग्रॅम. माणसाच्या पावलाच्या सातव्या हिश्शाएवढा दाब! आणि तोच माणूस पायांत रुंद स्की अडकवून उभा राहिला तर वीस-पंचवीस ग्रॅम, म्हणजे यंत्राच्याही निम्मा.

बर्फावर तरंगण्याची ही दोन साधनं, एक इंजिनाचं आणि एक पायांचं. दोघांची जोडी जमवायची तर यंत्र कसं निवडावं, हा अमेरिका-कॅनडाच्या डोंगरी भागातल्या स्कीवाल्यांमध्ये कधी न संपणारा वाद आहे. वरवर पाहता तो हौशी लोकांचा खर्चिक प्रश्न वाटेल. पण त्यात शिरलं की बर्फ, रबर, इंजिन आणि विरळ हवा यांच्याबद्दल इतकं काही हाती लागतं, की यंत्र विकत न घेणाऱ्यानेही तो समजून घ्यावा.

एरवी ही जोडी विजोड. बॅककंट्री स्कीइंग म्हणजे रिसॉर्ट, लिफ्ट, तिकीट, गर्दी मागे टाकून न आखलेल्या डोंगरावर स्वतःच्या दमाने चढायचं आणि अस्पर्श बर्फातून उतरायचं. चढताना स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवतात. तिचे केस एका दिशेला कललेले असतात, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. या खेळाची अर्धी गोडी शांततेत आहे. मग त्यात धूर सोडणारं, कानठळ्या बसवणारं टू-स्ट्रोक इंजिन कशाला आणायचं?

कारण डोंगर आणि मोटारीचा शेवटचा थांबा यांच्यातलं अंतर. मोंटाना राज्यातलं कुक सिटी पाहा. नावात सिटी, कायमची वस्ती शंभराच्या आत, उंची २,३०० मीटरच्या आसपास, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या ईशान्य दारापाशी. हिवाळ्यात उद्यानातून गावात येणारा रस्ता साफ ठेवतात, पण गावाच्या पूर्वेला तो संपतो. पुढच्या सुमारे १३ किलोमीटरांच्या तुकड्यावरचं बर्फ काढलं जात नाही. गावकरी त्या तुकड्याला ‘प्लग’ म्हणतात, म्हणजे बूच. गावाच्या मुख्य रस्त्यावरून स्नोमोबाईल राजरोस धावतात, जुन्या खाणींच्या वाटांनी वर खिंडीकडे जातात. मात्र गावाला लागूनच ॲब्सरोका-बेअरटूथ हे संरक्षित रान आहे आणि अमेरिकेच्या १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याप्रमाणे तिथे कुठलंही इंजिन नेता येत नाही. सीमेपर्यंत यंत्र, पुढे स्की. ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोक, पेंबर्टन या भागांत कथा थोडी वेगळी: तिथे लाकूडतोडीसाठी काढलेले रस्ते दऱ्यांमधून पंधरा-वीस किलोमीटर आत जातात आणि हिवाळ्यात नुसते पडून असतात. स्किन लावून ते अंतर तुडवलं तर डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच डिसेंबरचा आखूड दिवस मावळतीला लागतो.

युरोपात हा वाद फारसा नाही, कारण आल्प्समध्ये मौजेखातर अशी यंत्रं हाकण्यावर कडक निर्बंध आहेत; फ्रान्सने तर १९९१ च्या कायद्यानेच त्याला आळा घातला. आपल्याकडे गुलमर्गला गेलेल्या अनेक मराठी पर्यटकांनी ‘स्नो स्कूटर’वर एखादी फेरी मारलेली असते. पण तिथल्या स्कीवाल्याला तिची गरज नाही. गोंडोला त्याला अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर, थेट नेऊन सोडतो.

तर निवड. कंपन्यांच्या जाहिरातींमध्ये स्नोमोबाईल कड्यासारख्या उतारावर हिमाचा फवारा उडवत उभी चढताना दिसते. नवा स्कीवाला ते पाहून भुलतो आणि सर्वांत ताकदवान, सर्वांत लांब पट्ट्याचं यंत्र घ्यायला निघतो. पण तो उतार चढायला त्याच्याकडे स्की आहेतच की! त्याला यंत्र हवं ते उतारापर्यंतच्या रस्त्यासाठी. शंकरपटात पळवायचा बैल आणि मोटेला जुंपायचा बैल शेतकरी वेगवेगळ्या नजरेने पारखतो. स्कीवाल्याला दुसरा हवा असतो आणि बाजारात मिरवतो पहिला.

गंमत म्हणजे या यंत्राचा जन्मही ओझी आणि माणसं वाहण्यासाठीच झाला. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या व्हॅलकूरचा जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए १९२२ साली पंधरा वर्षांचा होता. तेव्हा त्याने जुन्या फोर्ड मोटारीचं इंजिन घसरगाडीवर बसवलं, मागे लाकडी पंखा जोडला आणि भावाला घेऊन गावातून बर्फावरून धाव मारली. तो उघडा पंखा पाहून धास्तावलेल्या वडिलांनी ते यंत्र मोडायला लावलं. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा ॲपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाखाली गेल्यामुळे त्याला इस्पितळात नेता आलं नाही. पुढच्याच काळात बॉम्बार्डिएने रबर मढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा अखंड पट्टा तयार केला; १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्या पट्ट्यावर चालणाऱ्या, सात आणि बारा माणसं बसतील अशा बंद गाड्या त्याने बनवल्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांची त्या गाड्यांतून ने-आण होऊ लागली. एकट्या माणसासाठीचं छोटं यंत्र, स्की-डू, बाजारात यायला १९५९ उजाडलं. लाकडी स्की, सात अश्वशक्तीचं इंजिन. पहिल्या हंगामात २२५ विकली गेली. बॉम्बार्डिएच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होते ते फासे लावणारे शिकारी, मिशनरी, सर्वेक्षक. मजेसाठी लोक त्यावर बसतील हे त्याच्या फारसं मनात नव्हतं. त्याच सुमारास मिनेसोटातल्या रोझो गावात शेतीची अवजारं बनवणाऱ्या एका कारखान्यातून पोलारिस ही स्नोमोबाईलची दुसरी कंपनी पुढे आली.

आता पट्टा. निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न हाच, आणि त्यातलं सगळं शास्त्र तीन आकड्यांत मावतं: रुंदी, लांबी आणि रबरी दातांची उंची. तिकडे अजून इंचांतच बोलतात. दुकानात ‘सोळा, एकशे चोपन्न, अडीच’ असं कानावर पडलं तर समजायचं की पट्टा सोळा इंच रुंद, पूर्ण घेर १५४ इंच आणि दात अडीच इंची. आखलेल्या, दाबून सपाट केलेल्या वाटांवर धावणाऱ्या यंत्रांचा घेर १२० ते १३७ इंच, दात इंच-सव्वा इंचाचे. डोंगरी यंत्रांचा घेर १४६ पासून १७५ पर्यंत, दात अडीच-तीन इंची. कामकरी यंत्रांचा पट्टा वीस, कधी चोवीस इंच रुंद, दात मध्यम.

दात उंच असले की मऊ बर्फात पकड चांगली, हे बरोबर. पण त्यांची पकड डांबरावरच्या टायरसारखी नसते. ताज्या हिमाच्या एका घनमीटरचं वजन पन्नास ते शंभर किलो. उरलेली सगळी हवा. असल्या पदार्थाला पकडणार काय? दात ते हिम मागे फेकतात आणि त्या फेकीच्या धक्क्याने यंत्र पुढे जातं. म्हणून खोल बर्फात वेग राखला तर यंत्र तरंगतं. वेग पडला आणि घाबरून थ्रॉटल दाबलं, तर तेच दात पोटाखालचं हिम उपसून मागे टाकतात आणि यंत्र स्वतःच खणलेल्या चरात बसतं. लांब पट्टा इथे कामी येतो: भार पसरतो आणि पट्टा चर खणण्याआधीच पुढच्या ताज्या बर्फावर सरकतो. किंमत अशी, की १७५ इंची पट्ट्याचं यंत्र सरळ जायला एक नंबर, पण झाडीत वळवताना खांदे भरून येतात.

तीन इंची दात कडक रस्त्यावर उलट त्रास देतात. ते वाकतात, थरथरतात, तापतात. स्कीवाल्याच्या दिवसाचा हिशेब पाहा: सकाळी पंधरा किलोमीटर टणक रस्ता, मग एखाद-दोन किलोमीटर मऊ चढ, संध्याकाळी पुन्हा तोच टणक रस्ता. अशा माणसाला सोळा इंच रुंद, १५४ च्या आसपास घेर आणि दोन-अडीच इंची दात हा मधला मार्ग पुरतो असं मला वाटतं. त्यापुढचं सगळं हौसेच्या खात्यात.

इथेच बर्फाबद्दलची माझी सर्वांत आवडती गोष्ट येते. आज दुपारी भुसभुशीत चढावर यंत्राने एक वाट पाडली. त्या वेळी ती वाट मऊच असते. उद्या सकाळी त्याच वाटेवर पाय आपटला तर फरसबंदीवर आपटल्यासारखा वाजतो. मधल्या रात्री ना पाऊस पडला, ना बर्फ वितळून पुन्हा गोठलं. मग काय झालं? बर्फ हा असा पदार्थ आहे, जो आपल्याला थंड वाटतो पण स्वतःच्या मानाने कायम भयंकर तापलेला असतो. उणे दहा अंशांवरचं बर्फ वितळण्यापासून अवघे दहा अंश दूर असतं. निरपेक्ष शून्यापासून मोजलं तर ते आपल्या वितळणबिंदूच्या ९६ टक्क्यांवर आहे. लोखंड तेवढ्याच टक्क्यावर न्यायचं तर १,४७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल. इतक्या तापलेल्या पदार्थाचे कण एकमेकांना टेकले की जागच्या जागी जुळू लागतात, न वितळता. धातूची भुकटी तापवून पक्के भाग बनवतात ती सिंटरिंग नावाची क्रिया बर्फात आपोआप, फुकट चालू असते. यंत्राने कण मोडले, एकमेकांवर दाबले, टेकण्याच्या जागा वाढवल्या. पुढचं काम रात्र करते.

म्हणून जाणते लोक खोल बर्फात एका दमात वर जायचा हट्ट धरत नाहीत. जेवढं जमतं तेवढं चढायचं, वळायचं, त्याच वाटेने उतरायचं, जरा थांबायचं, मग पुन्हा. यंत्र चरात रुतलं तर भोवतालचं हिम पायांनी तुडवायचं आणि दहा मिनिटं काहीही करायचं नाही. चहा प्यायचा. तेवढ्यात पायाखालचं बर्फ जमू लागतं. हे ठाऊक नसलेला माणूस तीच दहा मिनिटं थ्रॉटल पिळण्यात घालवतो.

रुतणं अटळ आहे आणि म्हणून वजन हा माझ्या मते ताकदीपेक्षा मोठा मुद्दा. डोंगरी टू-स्ट्रोक यंत्र इंधनाविना दोनशे किलोंच्या आसपास भरतं. त्याचा मागचा भाग दोन माणसं उचलून बाजूला ठेवू शकतात, एकटा माणूस त्याला उताराकडे कलंडवून सोडवू शकतो. चार-स्ट्रोक इंजिनाचं, चोवीस इंची पट्ट्याचं कामकरी यंत्र तीनशेच्या बरंच वर जातं. ते कमी रुततं, पण रुतलं की ती जागा सोडत नाही. चार-स्ट्रोकचे गुण खरे आहेत: पेट्रोल कमी, तेल जाळायचं नाही, कमी फेऱ्यांवर दांडगी ओढ, वर्षानुवर्षं विनातक्रार. रुंद साफ रस्त्यानेच जायचं, लाकडी केबिनवर आठवड्याचं सामान आणि तीन मित्र पोचवायचे, तर ते उत्तम. यामाहाने या कामाची व्हीके प्रोफेशनलसारखी यंत्रं बनवली. आता ती कंपनी स्नोमोबाईलच्या धंद्यातूनच बाहेर पडली आहे. हलक्या कामकरी जातीतली स्की-डूची टुंड्रा अनेक स्कीवाल्यांची जुनी लाडकी.

इंजिन किती मोठं, याचं उत्तर गावागणिक बदलतं. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांवर हवेची घनता सुमारे ७४ टक्के उरते. इंजिन पेट्रोल जाळतं ते हवेच्या मापाने, म्हणून ताकदही ढोबळमानाने तेवढीच उरते. ८५० सीसीचं टू-स्ट्रोक खाली १६५ अश्वशक्ती देतं. कोलोरॅडोतल्या व्हेल पासला, सुमारे ३,२५० मीटरवर, ते १२० च्या आसपास येतं, म्हणजे साधारण ६०० सीसीचं इंजिन समुद्रकिनारी देईल तेवढं. रेव्हलस्टोक गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे. तिथला माणूस जुन्या ६०० वर मजेत काम भागवतो. व्हेल पासचा माणूस ८५० मागतो आणि ते चैनीसाठी नसतं. कारखान्यातूनच टर्बो बसवलेली टू-स्ट्रोक यंत्रं २०२० च्या सुमाराला आली. ती विरळ हवा दाबून आत भरतात आणि उंचीवरचा तोटा भरून काढतात. स्कीवाल्याला ती लागतात का? मला तरी वाटत नाही.

टू-स्ट्रोकमध्ये एक जादू मात्र आहे, जी ऐकून माझा आधी विश्वास बसला नाही. यातल्या बऱ्याच यंत्रांना रिव्हर्स गिअरच नसतो. तरी ती मागे जातात. कशी? बटण दाबलं की इंजिनाचा वेग जवळजवळ थांबेपर्यंत उतरतो. पिस्टन वर येत असतो, तो टोकाला पोचायच्या आधीच, मुद्दाम चुकीच्या क्षणी, ठिणगी पडते. स्फोट पिस्टनला आल्या वाटेने परत ढकलतो आणि अख्खं इंजिन उलट्या दिशेने फिरू लागतं. टू-स्ट्रोकला कॅमशाफ्टवर चालणारे व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टन उघडतो-झाकतो, आणि ती भोकं कुठल्या दिशेने झाकली जातात याची इंजिनाला फिकीर नसते. चार-स्ट्रोकला हे जमत नाही, त्याला रिव्हर्सचे वेगळे दाते लागतात. पुढचे गिअर तर दोघांनाही नसतात: इंजिनाची ताकद पट्ट्याकडे नेणारा बेल्ट आणि दोन उघडमीट करणाऱ्या पुल्या ही रचना आपल्या ॲक्टिव्हाच्या पोटात आहे तीच. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात, पुली मिटते, बेल्ट वर चढतो. फरक इतकाच की इथे तो बेल्ट दीडशे अश्वशक्ती सोसतो. जास्त ओझं ओढत हळू गेलं तर तो तापतो आणि तुटतो. सुटा बेल्ट आणि तो बदलायची सवय, दोन्ही घरून घेऊन निघायचं.

तापण्याचं दुसरं प्रकरण आणखी मजेशीर आहे. डोंगरी यंत्राला मोटारीसारखा पुढे रेडिएटर नसतो. इंजिनाचं पाणी बसायच्या जागेखालच्या ॲल्युमिनियमच्या बोगद्यातून फिरतं आणि खालचा पट्टा हिम उडवून त्या बोगद्याच्या छतावर मारत राहतो. हिमच इंजिन थंड ठेवतं. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो त्यांना वंगणही हिमाचंच. आता सकाळच्या त्या टणक, बर्फगोठल्या रस्त्यावर या. पट्टा फिरतो पण हिम उडत नाही. वजन कमी ठेवण्यासाठी शोधलेली ही सुंदर युक्ती उणे पंधरा अंशांत इंजिन उकळायला लावते, आणि खालचं प्लास्टिक वितळतं ते वेगळंच. उपाय साधा आहे. यंत्राच्या दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पोलादाचे दोन आकडे सोडतात. ते रस्ता खरवडत जातात आणि त्यातून उडणारा बर्फाचा चुरा वर पोचतो. रस्त्यावर खाली सोडायचे, मऊ बर्फात वर अडकवायचे. जाहिरातीत या आकड्यांना जागा नसते, पण स्कीवाल्याने यंत्र पाहायला गेल्यावर आधी तेच शोधावेत. काही कामकरी मॉडेलांना पंख्यासकट वेगळा रेडिएटर असतो. मित्राला दोरीने ओढत हळूहळू जायचं असेल तर तो वरदान.

मित्रांना नेण्याच्या पद्धती दोन. एक दोरीची: मागे स्की घालून उभा राहिलेला माणूस दोरीचा दांडा धरतो आणि पूर्ण प्रवासभर धूर आणि हिमाचा भुगा तोंडावर घेतो. दोरी मनगटाला कधीच गुंडाळायची नाही. पडल्याबरोबर हात सुटला पाहिजे. दुसरी पद्धत दोघांनी यंत्राच्या दोन बाजूंच्या पायफळ्यांवर उभं राहायची, एक डावीकडे, एक उजवीकडे, तोल एकमेकांच्या भरवशावर. स्की मागच्या बोगद्यावर बसवलेल्या आकड्यांत उभ्या लांबीने बांधायच्या. स्कीचे टणक बूट घालूनच यंत्र चालवायचं असेल तर पायफळ्या दातेरी, आरपार भोकांच्या हव्यात, नाहीतर त्यावर बर्फ साचतं आणि पाय सटकतो. आणि एक ऐश: धुराड्यावर अडकवायचा एक छोटा धातूचा डबा मिळतो. सकाळी त्यात जेवण ठेवलं की वर पोचेपर्यंत गरम.

नवं ८५० सीसीचं डोंगरी यंत्र अमेरिकेत साधारण पंधरा ते वीस हजार डॉलरांना पडतं, वर पिक-अप किंवा ट्रेलर. एवढे पैसे रस्त्यासाठी? बहुतेक स्कीवाले जुनंच घेतात आणि शहाणपणा त्यातच आहे. जुन्याची परीक्षा गार इंजिनावर घ्यायची. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर संशय धरायचा. दोन्ही सिलिंडरांचा दाब मोजायचा, त्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. बोगद्याचं ॲल्युमिनियम चुणलेलं आहे का, पट्ट्याचे दात मुळाशी फाटलेत का, हे वाकून बघायचं. दोरी ओढून ते सुरू करता आलं पाहिजे, कारण बॅटरीने सुरू होणाऱ्या यंत्रावर गारठ्यात भिस्त ठेवणं म्हणजे जुगार. स्की-डूच्या काही मॉडेलांत तर बॅटरीच नसते: दिवसातली पहिली सुरुवात दोरीने करायची, मग एक मोठा कपॅसिटर भरतो आणि पुढच्या वेळी बटणावर काम होतं.

आता पहिल्या भागाकाराकडे पुन्हा बघायला हवं, कारण तो अर्धीच गोष्ट सांगतो. पाऊल किती रुतेल हे दर चौरस सेंटिमीटरच्या दाबावर ठरतं, आणि तिथे यंत्र हलकं. पण बर्फाच्या थरात खाली किती खोलवर भार जाणवेल हे एकूण वजनावरही ठरतं, आणि तिथे ३४० किलो म्हणजे ३४० किलो. मीटरभर खाली एखादा नाजूक, साखरेसारखा सुटा थर दबून बसलेला असेल तर स्कीवाल्याचा भार त्याच्यापर्यंत बहुधा पोचत नाही, यंत्राचा पोचतो. थर एका जागी कोसळला की ती कोसळ आडवी पसरत जाते. दरीच्या सपाट तळातून यंत्र नेणाऱ्याच्या डोक्यावरचा उतार असा खालून सुटू शकतो. हिमकडे बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवरून कोसळतात. स्किन लावून चढणारा दिवसभरात अशा दोन-चार उतारांखालून जातो. यंत्रावरचा तासाभरात त्याहून जास्त. वेगाबरोबर धोकेही जवळ येतात. म्हणून एका वेळी एकच यंत्र उताराखालून, बाकीचे सुरक्षित जागी थांबलेले, आणि यंत्र उभं करायचं तेही हिमकडा पोचणार नाही अशा जागी, तोंड परतीच्या दिशेने. प्रत्येकाच्या अंगावर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश सोडणारं बीकन असतंच, पण फोन आणि इतर विजेवरची उपकरणं त्या संदेशात गोंधळ घालतात. संदेश सोडताना ती वीस सेंटिमीटर आणि शोधताना पन्नास सेंटिमीटर लांब ठेवायची हा पाळायचा नियम. फावडं आणि शोधकाठी पाठीवरच्या पिशवीत, यंत्रावर बांधून नव्हे. यंत्र गाडलं गेलं तर फावडंही त्याच्याबरोबर गेलं.

कुठे जाता येईल हेही दरवर्षी बदलतं. रेव्हलस्टोकच्या परिसरात डोंगरी कॅरिबू हरणांसाठी बरेच उतार यंत्रांना बंद आहेत. व्हेल पासचा ५५,००० एकरांचा हिवाळी भाग यंत्रवाल्यांसाठी, निव्वळ पायी जाणाऱ्यांसाठी आणि यंत्राने जाऊन स्की करणाऱ्यांसाठी वाटून दिला आहे. शांततेसाठी आलेल्या माणसाच्या कानावर तुमचं टू-स्ट्रोक पडू नये, ही मागणी रास्तच म्हणायची. विजेवरची यंत्रं आली आहेत, स्की-डूच्या अशा मॉडेलाची जाहीर पल्लामर्यादा ५० किलोमीटर आहे. रिसॉर्टच्या गस्तीला ते पुरतं. अठरा किलोमीटर आत, अठरा बाहेर, मध्ये मऊ चढ आणि उणे वीसचा गारठा, हा हिशेब अजून काठावर आहे. पेट्रोलचं यंत्रही काही काटकसरी नाही: रस्त्यावर लिटरला पाच-सहा किलोमीटर, भुसभुशीत बर्फात त्याच्या निम्मे, टाकी छत्तीस-चाळीस लिटरांची.

यंत्र बंद पडेलच, कधीतरी. अशा वेळी नुसतं यंत्र घेऊन आलेला माणूस कमरेइतक्या बर्फात उभा असतो. स्कीवाल्याकडे मात्र घरी जायचं दुसरं वाहन मागच्या आकड्यांत बांधलेलं असतं. दाबलेल्या रस्त्यावर स्कीने तासाला चार-पाच किलोमीटर होतात, म्हणजे वीस किलोमीटरला चार-पाच तास, दिव्याच्या उजेडात आणखी थोडे. किती आत शिरायचं याची मर्यादा टाकीवर ठरवण्यापेक्षा या आकड्यावर ठरवलेली बरी. मग दुसऱ्या दिवशी मित्राचं यंत्र मागायचं, नवा बेल्ट खिशात घालायचा आणि रात्रीत टणक झालेल्या आपल्याच वाटेने आपलं यंत्र आणायला जायचं. मित्राच्या पेट्रोलचे पैसे अर्थातच आपण द्यायचे.